डाव्या हाताची अक्षरं

नाचणीच्या पेजेचा चमचा सरांच्या ओठांशी नेला आणि फोन वाजला. मंगळवार होता. सकाळचे सव्वादहा.

"काकू, यास्मिन बोलतेय, रक्तपेढीतून. सर आहेत?"

"आहेत. समोरच बसलेत. पण त्यांना बोलता येत नाही, माहितीये ना तुला?"

"माहितीये. तरी केला फोन. काकू, बॉम्बेची पेशंट आलीय."

मी चमचा वाटीत ठेवला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. आम्ही बार्शीत राहतो. माझे यजमान शिवलिंग होनराव यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अर्धी बार्शी त्यांच्या हाताखाली टंकलेखन शिकली, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत आणि चारचौघांत मीही सरच म्हणत असे. सकाळची बॅच मी घ्यायची, संध्याकाळची ते. अठरा वर्षं हा क्रम चालला. त्या मंगळवारच्या एकोणीस दिवस आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. ऐकलेलं बहुतेक कळत होतं. पण तोंडातून एकच शब्द निघायचा. "तेच." पाणी हवं तरी तेच, पंखा बंद करायचा तरी तेच.

बॉम्बे म्हणजे रक्ताचा एक गट. साध्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण त्या माणसाला 'ओ'चं रक्त चालत नाही. कुणाचंच चालत नाही, त्याच गटाच्या माणसाचं सोडून. दहा हजारांत एखादा असा निघतो म्हणतात. सर स्वतः त्यातले. हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी हे कळलं आणि तेव्हा रक्ताअभावी त्यांची जी तारांबळ झाली, ती त्यांनी डोक्यात ठेवली. बरे झाल्यावर त्यांनी आपल्यासारखी माणसं शोधायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांत अकरा सापडली. कुठंही असा पेशंट आला की रक्तपेढीवाले सरांना फोन करायचे, सर आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडायचे, कुणालातरी फोन लावायचे आणि माणूस हजर व्हायचा.

"कोण आहे पेशंट?" मी विचारलं.

"अर्चना गव्हाणे. सव्वीस वर्षांची आहे. आठवा संपत आलाय. बाळाची वार खाली सरकलीय काकू, दोनदा अंगावरून गेलंय. डॉक्टर म्हणतात उद्या सकाळी सिझर करायलाच पाहिजे, पण दोन बाटल्या हातात असल्याशिवाय चाकू लावणार नाही. भावाचं तपासलं, जुळत नाही. मी मुंबईला, पुण्याला सगळीकडं विचारलंय. आजच्या आज कुणाकडं नाही. रक्त काढून तपासण्या करायलाच चार-पाच तास जातात. म्हणजे माणूस मला चारपर्यंत इथं पाहिजे."

"यादी सरांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. बघा ना उघडून."

"पासवर्ड आहे तिला."

"मग टाका की."

मी पेजेच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"काकू, तुम्हालासुद्धा नाही सांगितला सरांनी?"

"मी करते काहीतरी," असं म्हणून मी फोन ठेवला.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. डावा हात उचलून त्यांनी आतल्या खोलीकडे केला. "तेच," ते म्हणाले. "तेच, तेच."

"हो," मी म्हटलं. "चला."

खुर्चीला चाकं नव्हती. शेजारच्या मेडिकलवाल्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून खुर्चीसकट त्यांना उचलून कॉम्प्युटरसमोर नेलं. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मशीन चालू केलं. 'संच' नावाची फाइल होती. दाबली की मधोमध एक लहान चौकोन यायचा आणि त्यात रेघ लुकलुकायची.

सरांचा मोबाइलही होता, पण तो दवाखान्यात बॅटरी संपून बंद पडलेला. चार्ज केल्यावर तो आकडे मागत होता. मी त्यांचा उजवा अंगठा धरून त्यावर टेकवला. एरवी ते अंगठ्यानेच उघडायचे. तो म्हणाला, फोन पुन्हा सुरू केल्यामुळे आधी पिन टाका. म्हणजे तेही दार बंद.

मी समोर कागद ठेवून वर्णमाला लिहिली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. "अहो, बोट ठेवा. पहिलं अक्षर कुठलं?"

त्यांचं बोट कागदावर फिरलं. 'प'वर थांबलं, मग 'त'वर, मग इंग्रजी 'डब्ल्यू'वर. त्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा बोट फिरलं आणि भलतीकडेच गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलण्याबरोबर लिहिणंही जातं, अक्षरं डोक्यात असतात पण सापडत नाहीत. ते डोळ्यांनी बघायची माझी ही पहिलीच वेळ. तिसऱ्या खेपेला त्यांनी कागद चुरगळून टाकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पदराने पुसलं आणि कागद उचलून बाजूला ठेवला. रडायला दोघांनाही वेळ नव्हता.

मग मी अंदाज करायला लागले. मुलीचं नाव, प्रणिता. तिची जन्मतारीख. इन्स्टिट्यूटचं नाव. कुलदैवत. त्यांच्या आईचं नाव. आमच्या लग्नाची तारीख. प्रत्येक वेळी तोच संदेश यायचा की पासवर्ड चुकीचा आहे. सर शेजारी बसून प्रत्येकाला मान हलवत होते, नाही, नाही. एक मात्र बरं झालं, 'हो' आणि 'नाही' त्यांचं पक्कं होतं.

प्रणिताला पुण्याला फोन लावला. ती ऑफिसात होती.

"आई, तुला पासवर्ड कसा माहीत नाही? एका घरात राहता तुम्ही!"

"नाही माहीत. तुला कधी बोलले होते का ते?"

"मला? बाबा मला वायफायचासुद्धा सांगत नव्हते." मग आवाज खाली आला. "थांब, आमच्या ऑफिसात एकाला विचारते."

दहा मिनिटांनी तिचाच फोन. असली फाइल फोडायची सॉफ्टवेअरं असतात, पण पासवर्ड लांब असेल तर दिवसच्या दिवस लागतात आणि निघेलच असंही नाही.

"दिवस नाहीत," मी म्हटलं. "ठेव."

साडेअकरा झाले होते. यास्मिनचा पुन्हा फोन आला. पेशंटला परत थोडं अंगावरून गेलं होतं. "तुमच्यावर दडपण नाही आणत काकू," ती म्हणाली आणि लगेच म्हणाली, "खरं म्हणजे आणतेय."

मी कीबोर्ड ओढून सरांच्या मांडीवर ठेवला. "टाइप करा," मी म्हटलं. "जमेल तसं."

त्यांनी खाली बघितलं. कळांवरची अक्षरं त्यांना दिसत होती, पण मघाच्या कागदासारखंच झालं. डावं बोट हवेत भिरभिरत राहिलं. एक कळ दाबली, चुकली, हात मागे घेतला. पुन्हा खाली बघितलं. आणि तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, सकाळच्या बॅचला अठरा वर्षं रोज ओरडून सांगितलेलं:

"खाली बघायचं नाही! बोटं ठेवा!"

त्यांची मान ताठ झाली. आणि डाव्या हाताची चार बोटं आपण होऊन मधल्या ओळीवर बसली. करंगळी 'ए'वर, अनामिका 'एस'वर, मग 'डी', मग 'एफ'. एक केसभर इकडं-तिकडं नाही.

मी बघतच राहिले. जे कागदावर त्यांना सापडत नव्हतं ते बोटांना पाठ होतं.

मी टेबलावरचा नॅपकिन घेतला आणि कीबोर्डवर, त्यांच्या हातावर अंथरला. क्लासमध्येही आम्ही हेच करायचो. एखादा मुलगा चोरून कळांकडे बघायला लागला की त्याच्या हातांवर कापड टाकायचं. पासवर्डचा चौकोन बंद करून मी कोरं पान उघडलं, म्हणजे उमटलेली अक्षरं दिसतील.

"आता तुमची यादी उघडायची आहे," मी म्हटलं. "रोज उघडता तशी. समोर बघा. चालू द्या."

नॅपकिनखाली बोटं हलली. पडद्यावर अक्षरं आली. ए, ए, एस, ए, जी, ए, ए. सात अक्षरं. मग हात थांबला आणि सरांनी माझ्याकडे बघितलं. "तेच," ते म्हणाले, आणि या वेळी तो शब्द अगदी बरोबर जागी पडला होता.

मी ती सात अक्षरं फाइलच्या चौकोनात टाकली. चुकीची.

"पुन्हा करा."

पुन्हा तीच सात. तिसऱ्यांदाही तीच. म्हणजे ती उगाच पडलेली नव्हती. मग चुकतंय कुठं? मी त्यांच्या मांडीकडे बघितलं. उजवा हात तिथं पालथा पडला होता, उशीवर ठेवावा तसा. आणि मला कळलं. सरांनी आयुष्यात कधी एका हाताने टाइप केलं नव्हतं. कीबोर्डचा डावा अर्धा डाव्या हाताचा, उजवा अर्धा उजव्याचा. डावा हात फक्त आपल्या वाटणीची अक्षरं मारत होता. उजव्या हाताची वेळ आली की तो थांबत होता, जोडीदाराचं काम होण्याची वाट बघत होता. आणि जोडीदार मांडीवर पडून होता.

म्हणजे माझ्यासमोर अर्धा शब्द होता. उरलेला अर्धा मला काढायचा होता.

क्लासमध्ये सर लाकडी पट्टीने टेबलावर ठेका धरायचे. एका ठोक्याला एक कळ, ना आधी ना मागाहून. ती पट्टी ड्रॉवरमध्ये होती. मी ती घेतली. "ठोक्यावर," मी म्हटलं. "एका ठोक्याला एक. उजव्याची पाळी आली तर ठोका सोडून द्या."

त्यांनी मान डोलावली. मी ठोके द्यायला लागले, मोजून, सावकाश.

पहिला ठोका, बोट हललं नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथ्याला करंगळी, ए. पाचवा रिकामा. सहावा ए, सातवा एस, आठवा ए. नववा रिकामा. दहावा जी. अकरा, बारा रिकामे. तेरावा ए. चौदावा रिकामा. पंधरावा ए. सोळाव्याला त्यांनी हात उचलून घेतला. संपलं.

मी कागदावर मांडलं. जिथं अक्षर होतं तिथं अक्षर, रिकाम्या ठोक्याला फुली. मग पडताळणीसाठी आणखी दोनदा करून घेतलं. तिन्ही वेळा तसंच आलं. घामाने त्यांचा सदरा भिजला होता, पण थांबू का म्हटलं तर डोळे वटारले.

पंधरा अक्षरं. त्यांतली सात हातात होती. फुल्यांच्या जागी उजव्या हाताची अक्षरं, आणि ती फार नसतात. मी मधल्या भागापासून सुरुवात केली, कारण तिथं सलग होतं. एस, ए, फुली, जी. फुलीच्या जागी 'एन' घातला तर होतं 'सांग'. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द होता तर. पुढं दोन फुल्या, मग ए, फुली, ए. सांग... सांगू... सांगू नका.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

सुरुवातीचं मी न लिहिता ओळखलं. आधी तीन फुल्या, ए, फुली, ए. कुणाला. कुणाला सांगू नका.

त्या दिवशी यास्मिनने, प्रणिताने, दोघींनी विचारलं होतं की तुम्हाला कसा माहीत नाही, आणि दोघींना मी उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर आता देते.

त्या मंगळवारच्या अकरा वर्षं आधी ही यादी एका वहीत होती. उघड्या कपाटात असायची. एकदा सर सोलापूरला गेले असताना एक तरुण माणूस इन्स्टिट्यूटमध्ये आला. बायको दवाखान्यात आहे, बॉम्बेचं रक्त पाहिजे, कुणीतरी आमचं नाव सांगितलं. तो उभ्या उभ्या रडत होता. मी त्याला म्हटलं, सर संध्याकाळी येतील. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत ती राहणार नाही. मी वही काढली आणि सगळ्यांत जवळचं नाव त्याला वाचून दाखवलं. पद्मिनी काशीद, वैराग. पत्त्यासकट.

तो चार माणसं घेऊन जीपने तिच्या दारात गेला. घरात कुणालाच माहीत नव्हतं की सून रक्त देते. सासूने गल्ली गोळा केली. सुनेचं रक्त विकता का, म्हणून बाहेरच्यांना शिव्या आणि आत तिला मार. त्या माणसाला रक्त मिळालं नाही. त्याच्या बायकोचं पुढं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आठव्या दिवशी पद्मिनी आमच्याकडे आली. कपाळाला खोक होती. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता सरांना म्हणाली, "मी रक्त देत जाईन सर. पण कोणाला सांगू नका."

ती गेल्यावर सरांनी मला विचारलं, "पत्ता तू दिलास?"

मी म्हटलं, "हो."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी नावं कॉम्प्युटरवर घेतली आणि वही अंगणात घमेल्यात जाळली. त्यानंतर या विषयावर आमच्यात चकार शब्द निघाला नाही. त्यांनी पासवर्ड सांगितला नाही आणि मी विचारला नाही. विचारायचं तोंड मला नव्हतं.

आता ते शेजारी बसले होते आणि माझ्या पेन्सिलीकडे बघत होते.

मी चौकोनात टाइप केलं, 'कुणाला' धरून. चुकीचा. मग आठवलं, ती वैरागची बाई 'कुणाला' म्हणाली नव्हती. पहिला यू काढून ओ घातला.

फाइल उघडली.

अकरा ओळी होत्या. प्रत्येकापुढे सरांनी बारीक बारीक टिपलेलं. "हा कामावर असतो, मालकाला कळता कामा नये." "याला सुईची भीती, कुणीतरी बोलत बसावं लागतं." "यांना साखर निघाली, आता नको." मी शेवटच्या रक्तदानाच्या तारखा बघितल्या. नुकतंच दिलेले बाद केले. पुण्या-नाशिकचे वेळेत पोचणार नव्हते. राहिले तिघं. एकाचा नंबर बंद होता. दुसरे टेंभुर्णीचे गटकळ, ट्रॅक्टरचे मेकॅनिक. त्यांनी पहिल्या रिंगलाच उचलला, सरांची चौकशी केली आणि मोटारसायकल काढतो म्हणाले. एक बाटली झाली.

तिसरं नाव पद्मिनी काशीद. पुढं लिहिलं होतं, "फोन फक्त १२ ते २. सासूबाई झोपतात. बाकी वेळी अजिबात नाही." आणि खाली तारखा. त्या प्रसंगानंतरही ती नऊ वेळा येऊन रक्त देऊन गेली होती. माझ्या नकळत.

घड्याळात दोनला वीस मिनिटं होती. मी नंबर फिरवला.

"हॅलो, सर?" आवाज दबका होता.

"सर नाहीत. सरांना बरं नाही. मी त्यांची मिसेस बोलतेय."

मागे कुठंतरी भांडं वाजलं.

"त्या वेळी पत्ता तुम्हीच दिला होता ना?" तिने विचारलं.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. मीच दिला होता. चुकलं माझं. तुम्हाला त्याची किंमत मोजायला लागली, आणि मी कधी येऊन बोललेसुद्धा नाही."

"मग आता काय?"

"सव्वीस वर्षांची मुलगी आहे. उद्या सिझर आहे. दोन बाटल्या लागतात, एकच झालीय. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत फोन करणार नाही. तुमचा नंबर इथल्या इथं विसरेन."

मला वाटलं तिने फोन ठेवला. मग ती म्हणाली, "पोरीच्या शाळेत मीटिंग आहे म्हणून सांगते. अडीचच्या गाडीनं निघते. स्टँडवर कोणी न्यायला येऊ नका."

"नाही येत."

"आणि सरांना सांगा, आले म्हणून."

मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं. ते डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात चाचपडत माझ्या मनगटापाशी आला आणि तिथंच राहिला.

"रागावला होतात ना अकरा वर्षं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग जरा थांबून पुन्हा हलवली. हो. आणि हसले, अर्ध्याच तोंडाने.

साडेतीनला मी रक्तपेढीत गेले. गटकळ देऊन झाले होते, बिस्किटं खात बसलेले. पद्मिनी आतल्या खाटेवर होती, डोक्यावरून पदर, डोळे छताला. मी बाजूच्या स्टुलावर बसले. सुई निघाल्यावर तिने हात दुमडून कापूस दाबून धरला आणि विचारलं, "सर बोलत नाहीत म्हणता. मग आमची यादी आता कोणाकडं राहणार?"

"आज तरी माझ्याकडे आहे."

"आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तिच्याकडे."

बुधवारी सकाळी अर्चनाचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅम. दोन्ही बाटल्या लागल्या. रक्त कुणी दिलं ते गव्हाण्यांच्या घरी आजही माहीत नाही.

त्या आठवड्यात मी अकराही जणांना एकेक करून फोन केला, ज्याच्या त्याच्या सोयीच्या वेळी. सरळ सांगितलं, सरांची वाचा गेली, यादी तीन तास कुलपात अडकली, एक बाई मरता मरता वाचली. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. तुमचं नाव माझ्याशिवाय आणखी कोणाला कळलेलं चालेल? दोघांनी नावं काढायला सांगितली, मी काढली. बाकीच्यांनी विचार करून सांगितलं. शेवटी ठरलं की प्रणिता आणि यास्मिन. यास्मिन रक्तपेढीची म्हणून नाही, तर यास्मिन म्हणून. पद्मिनीने तिला बघितलं होतं, सुई टोचताना हात न थरथरणारी.

मग मी पासवर्ड बदलला. नवा दोन कागदांवर लिहिला आणि दोन पाकिटांत घालून ती लाखेने बंद केली. एक पाकीट पुण्याला प्रणिताच्या कपाटात, एक यास्मिनच्या घरी. बँकेचे, गॅसचे, माझ्या फोनचे, सगळेच त्यात लिहून टाकले. कुठली गोष्ट कशी उघडते आणि नाही उघडली तर कोणाला विचारायचं, तेही. सरांच्या फोनचा पिन मात्र आम्हाला कधीच सापडला नाही. तो फोन तसाच मुका राहिला.

पण पाकीट बंद करून माझं समाधान होईना. क्लासमध्ये मुलाने 'येतं' म्हटलं म्हणून मी कधी कुणाला पास केलं नव्हतं.

दिवाळीत प्रणिता आली तेव्हा यास्मिनलाही बोलावलं. सकाळी नऊची वेळ. दोघींना कॉम्प्युटरपुढे बसवलं, दोन्ही पाकिटं समोर ठेवली.

"असं समजा की मी गेलेय," मी म्हटलं. "रक्तपेढीतून फोन आलाय. यादी उघडा आणि कोणाला बोलवायचं ते ठरवा."

"आई, सणासुदीचं काय बोलतेस!"

"काकू, तुम्ही इथं बसा, काही अडलं तर विचारू," यास्मिन म्हणाली.

"गेलेल्या माणसाला कसं विचारणार?" मी म्हटलं आणि बाहेर ओट्यावर सरांच्या शेजारी जाऊन बसले.

पहिल्या खेपेला त्यांना पाऊण तास लागला आणि फाइल उघडलीच नाही. माझा एक आकडा त्यांना इंग्रजी 'एल' वाटत होता. आतून हाका येत होत्या. आई, हे काय लिहिलंयस? आई, एकदा बघ ना! प्रणिता चिडून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी रस्त्याकडे बघत बसले. तोंड उघडायचं नाही म्हणून दातात पदर धरला होता. सरांना मजा वाटत होती.

संध्याकाळी मी कागद नव्याने लिहिला, सुवाच्य, आकडे अक्षरांतही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघींना बसवलं. पंचवीस मिनिटं. फाइल उघडली, पण नाव चुकीचं निवडलं, महिन्यापूर्वीच रक्त दिलेल्या माणसाचं. मग तारखा कशा बघायच्या, टिपा आधी वाचायच्या, ते सगळं लिहिलं. तिसऱ्या दिवशी भाऊबीज होती. प्रणिता म्हणाली आज नको. मी म्हटलं, आजच.

मी ओट्यावर बसले. सरांनी डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरला होता. आत कळांचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. यास्मिन काहीतरी वाचून दाखवत होती, प्रणिता हं हं करत होती. घड्याळ मी मुद्दाम आत ठेवलं होतं, तरी सहा-सात मिनिटांच्या वर वेळ गेला नसेल.

"आई!" आतून हाक आली. "उघडलं! नावही सापडलं! आई, ऐकतेस ना?"

मी ओ दिली नाही. ठरल्याप्रमाणे मी नव्हतेच.